वावरातून आल्यावर अर्ध्या तासात इटालियन पद्धतीचं मटण: डुकराचा मऊ भाग कसा शिजवायचा आणि जंताचं भय किती खरं?

सुलतानपूर (ता. लोणार) : सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की घरातली बाई दिवस मावळल्यावरच घरी येते. पुढं हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की लाइटीच्या वेळेप्रमाणं जेवणाची वेळ बदलते. अशा दिवसांत मटण करायचं म्हटलं तर वाटण, फोडणी, कुकरच्या शिट्ट्या धरून दीड तास जातो. म्हणून मटण रविवारवर ढकललं जातं आणि बाकी दिवस बेसन, आलू, वांगं यांवर भागतं.

मांसाचा एक भाग मात्र असा आहे की तो अर्ध्या तासात ताटात येतो. डुकराच्या कमरेतली मऊ पट्टी इटलीतले लोक तव्यावर पटकन भाजून टमाटे-लसणाच्या रश्शात घालतात. मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना 'पोर्क टेंडरलॉइन' हा शब्द दिसतो तो याच भागाचा. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत कामाला गेलेल्या पोरांनी तो कापलाही असेल.

पण डुकराचं मांस म्हटलं की आपल्याकडे दोन प्रश्न लगेच उभे राहतात. एक, हे खायचं की नाही? तो ज्याच्या त्याच्या घरचा आणि धर्माचा प्रश्न आहे, त्यात कुणी बोलण्याचं कारण नाही. दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांचा आहे, न खाणाऱ्यांचाही. डुकराच्या मांसातला जंत डोक्यात जातो म्हणतात, ते खरं का? या लेखात दोन्ही गोष्टी आहेत : शिजवायची रीत आणि जंताची खरी हकीकत.

कोणता भाग, आणि तो मऊ का?

जनावराचा जो भाग जास्त राबतो तो चिवट असतो. मान, खांदा, पाय हे दिवसभर हालतात, म्हणून तिथल्या मांसात चिवट धागे जास्त असतात. हे धागे विरघळायला वेळ लागतो, म्हणून तिथं कुकर किंवा मंद आंच लागते. कमरेच्या मणक्याखाली, आतल्या बाजूनं एक लांबट पट्टी असते. चालताना-पळताना तिच्यावर फारसा जोर येत नाही, त्यामुळं ती जनावरातला सगळ्यात मऊ भाग ठरते. शहरातले दुकानदार तिला टेंडरलॉइन, फिले किंवा अंडरकट म्हणतात.

एका डुकरात अशा दोनच पट्ट्या निघतात. चांगल्या वाढलेल्या जनावराची एक पट्टी साधारण 350 ते 500 ग्रॅम भरते. गावठी डुकराची त्याहून लहान असते. म्हणून हा भाग महाग पडतो आणि सांगून ठेवल्याशिवाय मिळत नाही. त्यात हाड नसतं आणि चरबीही फार कमी. 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 20 ते 21 ग्रॅम प्रथिनं आणि दोन ते चार ग्रॅम चरबी एवढा त्याचा हिशेब आहे. डुकराचं मांस म्हणजे निव्वळ चरबी, हा समज पोटाच्या भागाला लागू पडतो, या पट्टीला नाही.

चरबी कमी असल्याचा तोटाही आहे. हा भाग कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या दिल्या तर तो भुश्शासारखा कोरडा होतो. आपल्याकडे मटण म्हणजे कुकर ही सवय पडलेली आहे, आणि चूक होते ती इथंच.

गोव्यात डुक्कर आहे, पण झटपट नाही

मराठी-कोकणी मुलखात डुकराच्या मांसाचा सगळ्यात जुना आणि पक्का स्वयंपाक गोव्यातल्या आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांत आहे. विंदालू हा शब्द पोर्तुगीज आहे. 'विन्या द आल्युश' म्हणजे वाइन आणि लसूण घातलेला पदार्थ. गोव्यात वाइनच्या जागी ताडा-माडाचं व्हिनेगर आलं, आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची त्यात पडली. सोरपोतेलमध्ये मांस आणि काळीज आधी उकडतात, बारीक कापतात, परततात आणि मग आंबट मसाल्यात शिजवतात. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतो. चोरिस म्हणजे मसाला आणि व्हिनेगर लावून आतड्यात भरलेलं, वाळवलेलं मांस.

हे सगळे सणाचे, लग्नाचे, साठवणीचे पदार्थ. त्यात आंबट आणि मिरची मुरायला वेळ द्यावाच लागतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तो वेळ नसतो. इटलीची रीत उलटी आहे. तिथं पातळ काप करून पीठ लावून तव्यावर भाजायचे आणि त्याच भांड्यात लिंबू, वाइन किंवा टमाट्याचा रस करायचा, याला 'स्कालोपिने' म्हणतात. टमाटे, लसूण आणि ओरेगॅनो घातलं की त्याला 'पित्झायोला' म्हणतात, म्हणजे पिझ्झावाल्याच्या चवीचं. टमाटा इटलीतलाही नाही. तोही मिरचीसारखा अमेरिकेतून तिकडं गेलेला आहे. म्हणजे आपला रस्सा आणि त्यांचा रस्सा, दोन्ही एकाच पाहुण्यांच्या जिवावर उभे आहेत.

सामान : चार माणसांसाठी

- डुकराची मऊ पट्टी अर्धा किलो
- पिकलेले लाल टमाटे चार, मध्यम
- लसणाच्या सात-आठ पाकळ्या
- कणीक किंवा मैदा दोन मोठे चमचे
- तेल तीन मोठे चमचे (शेंगदाणा, सोयाबीन, जे घरात असेल ते)
- मिरे दहा-बारा, जाडसर कुटलेले
- ओव्याची चार-पाच पानं किंवा ओरेगॅनोची एक पुडी
- अर्धं लिंबू, मीठ, थोडा सांभार

ओरेगॅनो म्हणजे पिझ्झासोबत येणारी पुडी. घरी पडून असेल तर तीच वापरा. नसेल तर अंगणातल्या कुंडीत ओव्याचं जाड, लवदार पान असतंच. ते बारीक चिरून घाला. ओरेगॅनोचा आणि ओव्याच्या पानाचा वास एकमेकांच्या जवळचा आहे, कारण दोन्हींतलं वासाचं तेल एकाच जातीचं आहे. फक्त ओव्याचं पान जास्त झालं तर कडवट लागतं, म्हणून चार-पाचच.

ऑलिव्ह तेल, वाइन, चीज यांची गरज नाही. हळद, गरम मसाला, येसर यांतलं काहीही घालू नका. घातलं तर वाईट लागणार नाही, पण मग तो आपला नेहमीचाच रस्सा होईल.

घड्याळ लावून कृती

पहिली पाच मिनिटं. पट्टीवर एका बाजूला पांढरी, चकाकणारी, चिवट पातळ साल असते. सुरीचं टोक तिच्याखाली घालून ती ओढून काढा. ती शिजत नाही, आणि तापल्यावर आकसून मांसाचा काप वाकडा करते. मग पट्टीचे दोन बोटं जाडीचे गोल काप करा. प्रत्येक काप तळहातानं किंवा वरवंट्यानं हलकेच दाबून एक बोट जाडीचा करा. सगळे काप सारख्या जाडीचे असले की सगळे एकाच वेळी शिजतात. जाड-बारीक राहिले तर बारीक करपतात आणि जाड आतून कच्चे राहतात.

पुढची तीन मिनिटं. स्वच्छ कापडानं काप टिपून कोरडे करा आणि ते कापड लगेच गरम पाण्यात टाका. ओलं मांस तव्यावर भाजत नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतं. मीठ, मिरे लावा. कणकेत दोन्ही बाजूंनी घोळवून जास्तीचं पीठ झटका. या पिठानं कापाला खरपूस रंग येतो आणि पुढं रस्सा थोडा दाट होतो.

पुढची आठ मिनिटं. तवा चांगला तापू द्या. दोन चमचे तेल घाला. काप टाकल्यावर चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर तवा थंड आहे, थांबा. एका वेळी पाच-सहा काप, एकमेकांना न चिकटता. सगळे एकदम टाकले तर तवा थंड होतो आणि पाणी सुटतं. एका बाजूनं दोन मिनिटं हात लावू नका, मग सराट्यानं उलटा, दुसऱ्या बाजूनं दोन मिनिटं. भाजलेले काप स्वच्छ ताटलीत काढा. कच्चं मांस ठेवलेली ताटली पुन्हा वापरू नका. मग दुसरी खेप भाजा.

पुढची सात मिनिटं. तव्याला जे तांबूस चिकटलेलं असतं, तीच खरी चव. तिथं अर्धी वाटी पाणी टाका, सराट्यानं खरवडा आणि ते पाणी स्टीलच्या कढईत काढा. लोखंडी तव्यावरच टमाटे शिजवले तर आंबटपणामुळं रंग काळपट येतो आणि लोखंडाची चव उतरते, म्हणून कढई वेगळी. जाड बुडाची स्टीलची कढई असेल तर काप भाजणंही तिच्यातच करा, एक भांडं कमी पडतं. कढईत एक चमचा तेल, ठेचलेला लसूण, तो तांबूस झाला की बारीक चिरलेले टमाटे, मीठ आणि ओव्याचं पान. टमाट्याचं पाणी आटून ते मऊ झाले की खरवडलेलं पाणी ओता.

शेवटची पाच मिनिटं. ताटलीतले काप आणि त्यांना सुटलेला रस कढईत सोडा. झाकण ठेवून मंद आंचेवर पाच मिनिटं. बंद केल्यावर लगेच वाढू नका, आणखी तीन मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात मांस स्वतःचा रस पुन्हा धरून ठेवतं. वरून लिंबू पिळा, सांभार टाका.

एवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर भाकरी होतात. घरात दोन माणसं असतील तर एकानं भाकरी, एकानं तवा. चुलीवर करत असाल तर भाजताना जाळ मोठा ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांना लाकडं मागं ओढून निखाऱ्यावर शिजू द्या. हा रस्सा ज्वारीच्या भाकरीसोबत जमतो, भातावरही चालतो. सोबत कांदा पुरेसा आहे.

शिजलं हे ओळखायचं कसं?

सगळ्यात जाड काप मधोमध कापा. आत कुठंही गुलाबी नको, आणि दाबल्यावर निघणारा रस स्वच्छ पाहिजे, लालसर नको. मांसात खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधोमध 70 अंश सेल्सिअसच्या वर गेलं पाहिजे.

व्हिडिओत हे मांस आतून गुलाबी ठेवलेलं दिसेल. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 मध्ये डुकराच्या अखंड मांसासाठी 71 अंशांची अट 63 अंशांवर आणली आणि वर तीन मिनिटं तसंच ठेवायला सांगितलं. पण तिथलं डुक्कर बंद गोठ्यात, तपासलेल्या चाऱ्यावर वाढतं आणि कापल्यावर पशुवैद्यकाच्या नजरेखालून जातं. आपल्याकडे तशी खात्री नसते. म्हणून गुलाबी मांसाची हौस इथं करू नये. मांस थोडं कोरडं झालेलं चालेल, कच्चं राहिलेलं चालणार नाही.

जंत डोक्यात जातो, ते कसं?

व्हॉट्सअॅपवर दर पावसाळ्यात एक निरोप फिरतो : कोबीतला किडा डोक्यात जातो, कोबी खाऊ नका. दुसरीकडे म्हणतात, डुक्कर खाल्लं की डोक्यात जंत होतात. दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि अर्धं खरं जास्त घातक असतं.

हा जंत म्हणजे फीतकृमी, पट्ट्यासारखा लांब. तो माणसाच्या आतड्यात राहतो आणि दोन ते सात मीटरपर्यंत वाढतो. त्याची हजारो अंडी शौचावाटे बाहेर पडतात. माणूस उघड्यावर बसला आणि डुकरानं ती घाण खाल्ली की अंडी डुकराच्या पोटात जातात. तिथून अळी रक्तात जाऊन मांसात बसते. तिथं तांदळाच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट पाणीदार फोड तयार होतो.

इथून पुढं दोन वेगळ्या वाटा आहेत.

पहिली वाट : असं फोड असलेलं मांस माणसानं कच्चट खाल्लं, तर त्याच्या आतड्यात पूर्ण वाढीचा जंत तयार होतो. याला साधारण दोन महिने लागतात. पोट दुखतं, शौचात पांढरे तुकडे दिसतात, कधी काहीच कळत नाही. हा जंत आतड्यातच राहतो, डोक्यात जात नाही.

दुसरी वाट : जंत झालेल्या माणसाच्या शौचातली अंडी हातावाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे कुणाच्याही पोटात गेली, तर त्या माणसाच्या अंगात तेच फोड होतात जे डुकराच्या अंगात झाले होते. हे फोड मेंदूत झाले की झटके येतात, ज्याला आपण मिरगी किंवा फिट म्हणतो. ज्या भागांत हा जंत जास्त आहे, तिथल्या मिरगीच्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्क्यांमागं हेच कारण असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणजे डोक्यातला जंत डुकराच्या मांसातून थेट येत नाही, तो माणसाच्या शौचातून येतो. जन्मात मांसाला न शिवलेल्या माळकरी माणसालाही तो होऊ शकतो आणि डुक्कर न खाणाऱ्या मुस्लिम घरातही होऊ शकतो. कोबीचाही दोष नाही. नाल्याच्या पाण्यावर वाढलेली, न धुतलेली कुठलीही भाजी, मुळा, गाजर, मेथी, सांभार, कच्ची खाल्ली तर धोका तोच. घरातल्या एकाच्या पोटात जंत असेल आणि तो शौचाहून आल्यावर साबणानं हात न धुता भाकरी थापत असेल, तर अख्खं घर धोक्यात येतं.

म्हणून उपायही दोन आहेत. खाणाऱ्यांनी मांस आतपर्यंत शिजवायचं. खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनीही संडास वापरायचा, साबणानं हात धुवायचे, कच्ची भाजी वाहत्या पाण्यात पानन्‌पान सोडवून धुवायची. लिंबू, मिरची, व्हिनेगर किंवा दारूत भिजवून मांसातला जंत मरतो, या समजावर विसंबू नका. खात्री फक्त आंचेची. कडक थंडीनंही तो मरतो, पण त्यासाठी उणे 15 अंश किंवा त्याखाली सलग तीन-चार दिवस लागतात. आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते हे सांगायला नको, तेव्हा घरच्या फ्रीजवर हा भरवसा ठेवता येत नाही.

शौचात पांढरे तुकडे दिसले, झटका आला तर?

शौचात पांढऱ्या पट्टीचे तुकडे दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, शौचाची तपासणी करा. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी मुख्यतः मातीतून होणाऱ्या गोल जंतांसाठी असते, ती घेतली म्हणजे फीतकृमीचं औषध झालं असं समजू नका. मेडिकलमधून आपल्या मनानं औषध घेऊ नका. मेंदूत फोड असताना चुकीच्या पद्धतीनं औषध घेतलं तर आत सूज येऊन त्रास वाढू शकतो. आधी डॉक्टर, मग औषध.

कुणाला पहिल्यांदाच झटका आला तर चप्पल किंवा कांदा हुंगवत बसू नका. माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं दगड-भांडं बाजूला करा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका. झटका पाच मिनिटांच्या वर चालला किंवा लागोपाठ आला तर 108 ला फोन करून दवाखान्यात न्या. पुढं डोक्याचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय केल्यावर कारण कळतं. मेंदूतल्या या फोडांवर उपचार आहेत. बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडं फिरण्यात महिने घालवले तर नुकसान पोराचंच.

मांस घेताना काय पाहायचं?

गावात मोकाट फिरणाऱ्या, उकिरड्यावर आणि नालीत चरणाऱ्या डुकराचं मांस घेऊ नये, स्वस्त मिळालं तरी. जंताचं चक्र तिथंच फिरतं. गोठ्यात बांधून, खाद्य घालून वाढवलेल्या डुकराचं मांस, परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. तालुक्याला मिळालं नाही तर मोठ्या शहरातल्या गोठवलेल्या मांसाच्या दुकानात हा भाग पाकिटात मिळतो. पाकिटावर परवाना क्रमांक, तारीख आणि वजन पाहा.

ताजं मांस फिकट गुलाबी असतं, दाबलं तर परत वर येतं, चिकट लागत नाही, आंबूस वास येत नाही. कापल्यावर आत दाण्याएवढे पांढरे पाणीदार फोड दिसले तर ते मांस शिजवून खाण्याच्या भानगडीत पडू नका, दुकानदाराला दाखवा आणि परत करा. फोड थोडे असले तर नजरेतून सुटतात, म्हणून फोड दिसले नाहीत तरी शिजवण्यात कसर नको.

गाडीच्या डिक्कीत उन्हात मांस घेऊन येणं टाळा. उन्हाळ्यात एक तास आणि एरवी दोन तासांच्या वर ते बाहेर राहू नये. लांबून आणायचं असेल तर बर्फाची पिशवी सोबत ठेवा. गोठवलेलं पाकीट ओट्यावर सोडून वावरात जाऊ नका. रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा किंवा पाकीट न फोडता थंड पाण्यात बुडवा.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर नावाचा डुकरांचा रोग भारतात पहिल्यांदा 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात सापडला. तो माणसाला होत नाही. पण डुकरं मोठ्या प्रमाणात मरतात आणि त्यावर उपचार नाही. डुकरं पाळणाऱ्यांनी हॉटेलचं उष्टं खाद्य न उकळता घालू नये आणि एकाएकी जनावरं मरू लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावं.

डुक्कर चालत नाही त्यांच्यासाठी

मुस्लिम घरांत हे मांस निषिद्ध आहे आणि बऱ्याच हिंदू घरांतही ते शिजत नाही. हीच रीत कोंबडीच्या छातीच्या हाड नसलेल्या मांसाला जशीच्या तशी लागू पडते. छातीचा तुकडा आडवा चिरून पातळ करा, वरवंट्यानं सारखा करा, बाकी सगळं तेच. कोंबडी आतून 74 अंशांपर्यंत शिजली पाहिजे, म्हणजे कुठंही गुलाबी नको. इथं बॉयलर कोंबडीच घ्या. गावरान कोंबडी हिंडून-फिरून चिवट झालेली असते, तिला रस्सा आणि वेळच लागतो.

बकऱ्याच्या मटणाला ही रीत सहसा जमत नाही. त्याचा मऊ भाग फारच लहान निघतो आणि बाकीचं मांस पाच-दहा मिनिटांत शिजत नाही. घाई असेल तर खिमा घ्या, तो वीस-पंचवीस मिनिटांत होतो.

माळकरी घरांत सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, पीठ लावून तव्यावर परता आणि त्याच टमाट्याच्या रश्शात सोडा. पनीरही चालतं. लसूण चालत नसेल तर ओव्याचं पान आणि मिरे यांवर भागतं.

मिश्र वस्तीच्या गावात शेजारधर्म म्हणून एवढं पाळावं : पाहुण्याला वाढण्याआधी कशाचं मांस आहे ते स्पष्ट सांगावं, आणि एकमेकांची भांडी मागून नेण्याची रीत असेल तर डुकराच्या मांसासाठी घरचीच वेगळी ठेवावीत.

थोडक्यात लक्षात ठेवा

- मऊ पट्टीला कुकर नको : तवा, मोठी आंच, दोन-दोन मिनिटं, मग रश्शात पाच मिनिटं.
- आत गुलाबी दिसलं तर पुन्हा कढईत टाका.
- कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि ताटली साबणानं धुतल्याशिवाय त्यावर कांदा-सांभार चिरू नका.
- उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी उकळी आणूनच खा. फ्रीज नसेल तर लागेल तेवढंच करा.
- मांसातल्या फोडानं पोटात जंत होतो, माणसाच्या शौचातल्या अंड्यानं मेंदूत फोड होतो. म्हणून संडास आणि साबण हे मांस न खाणाऱ्यांसाठीही तेवढेच गरजेचे.
- पहिला झटका आला की दवाखाना, उशीर नको.